साठ डोळकाड्या

माहं काम हाताचं. लिवनं-वाचनं मले येत नाही, पन संत्र्याचा डोळा बांधायचा म्हनलं का पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत लोक गुणवंताले बोलवत, म्हंजे मलेच. ज्याले हे काम ठाऊक नाही त्याले सांगतो. खाली जंबेरी लिंबाचा खुंट लावतात. तो बोटाएवढा जाड झाला का त्याची साल चाकूनं चिरतात, अन् चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा, म्हंजे जिथून नवी फूट निंगते तो बारीकसा कोंब, सालीसकट काढून त्या चिरेत बसवतात. वरून केळीच्या सोपटानं, म्हंजे खोडाच्या वाळल्या सालीच्या पट्टीनं, बांधलं का झालं. एकवीस दिवसानं सोडून पाहायचं. हिरवा तर झाड लागलं, काळा तर गेलं.

ज्या काडीवरचे डोळे काढतात ती डोळकाडी. झाडावरून तोडली का ती मरायले लागते. थंडीचे दिवस असले तर चार दिवस तग धरते, उन्हाचे असले तर दोन. तिले ओलं ठेवा, सावलीत ठेवा, लेकरावानी जपा, तरी तिची घडी भरत जाते.

साल छप्पनचं. दिवाळीच्या आगंमागं आमचं राज्य बदललं. नागपूर तिकडं मुंबईच्या राज्यात गेलं, आमी इकडंच राह्यलो, अन् आमची राजधानी झाली भोपाळ. आता भोपाळ कोनं पाह्यलं होतं? पांढुर्ण्याचा मानूस कोर्टाले नागपूरले जाय, दवाखान्याले नागपूरले जाय, रुसून घर सोडलं तरी नागपूरलेच जाय.

मी नत्थूजीच्या पन्हेरीत कामाले होतो. पन्हेरी म्हंजे कलमाचा मळा. त्याची अर्धी कलमं नागपूरच्या सरकारी बागा नेत. राज्य बदललं अन् त्या बागाच दुसऱ्या सरकारच्या झाल्या. नत्थूजीनं मले बोलावलं. तो बाजेवर बसला होता, पाय खाली सोडून.

"गुणवंता, यंदा तिकडचं बोलावनं नाही."

"मंग?"

"मंग काय! तू अन् मी मिळून तोंड पाहू एकमेकाचं." मंग हळूच म्हने, "भोपाळले सरकार नवी बाग लावून राह्यलं. जंबेरीचे तीनशे खुंट तयार आहेत त्याईच्याकडं. बांधनारा नाही. तू जा. डोळे लागले तर दरसाल आपलंच काम. नाही लागले तर ते सहारनपूरहून मानूस आनतीन, तसं बागेच्या साहेबानं कागदातच लिवलं आहे."

मले शेत नव्हतं. लोधीखेड्याचं घर भावाच्या हातात. पन्हेरीतलं काम गेलं तर मी अन् माही बायको मनकर्णा कापसाच्या जिनात पोती उचलायले जानार, दुसरं काही नव्हतं. म्हनून हाव म्हनलं. मी तवापर्यंत नागपूरच्या पुढं एकबी खेप केली नव्हती, आन् ही तर उलट्या दिशेची गाडी.

तिगावच्या मळ्यात एक जुनं झाड होतं, त्याचं फळ पातळ सालीचं. त्याच्या साठ काड्या तोडल्या, एकेक पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब. पानं छाटली. केळीच्या पानात गुंडाळल्या, वरून ओलं पोतं. मनकर्णानं गठोडं बांधून देल्लं.

"पोहोचल्यावर कसं कळन?" ती म्हने.

"कोनाच्या हातानं कारड टाकतो."

"अन् नाही लागले तर?"

"तरी टाकतो."

"तसलं नोका टाकू," म्हने. "तसलं असन तर सोताच या."

संध्याकाळच्या पॅसिंजरले पांढुर्ण्याहून बसलो. डब्यात पाय ठेवायले जागा नव्हती. नागपूरच्या सचिवालयातले बाबू लोक बायकापोरं घेऊन भोपाळले निंगाले होते. ट्रंका, वळकट्या, पाटा-वरवंटा, एका बाईच्या मांडीवर तुळशीची कुंडी. माह्या समोरच्या बाकावर श्रीधरराव म्हनून एक बाबू, त्याची बायको अनुराधाबाई, आन् त्याची माय देवकाबाई. देवकाबाईची साठी उलटली असन, पन आवाज असा का इंजिनानं शिट्टी मारायचं सोडून द्यावं. तिगाव येईपर्यंत तिनं माहं गाव, जात, लेकरं किती, बायकोचं माहेर, सगळं इचारून घेतलं.

मुलताईले एक टोपीवाला चढला. मले गठोड्यावर पानी शिंपडताना पाहून म्हने, "कलमाच्या काड्या तं नाही ना?"

मी गठोडं पायामागं सरकवलं.

"नाही म्हनलं, आता झाडाची काडी बी परमिटाबिगर नेता येत नाही. हद्द बदलली ना बाप्पा! माह्या साडभावाचं टोपलं आमल्याले उतरवून घेतलं. दोन दिवस पडून राह्यलं उन्हात."

खरं का खोटं देवाले ठाऊक. त्या महिन्यात जो उठे तो नवा कायदा सांगे. पन माह्या कानात "दोन दिवस पडून राह्यलं" एवढंच वाजत राह्यलं. अन् तेवढ्यात टीसी आला. तिकीट पाह्यलं, मंग गठोड्याकडं बोट केलं.

"इसमें क्या है?"

माह्या तोंडातून निंगून गेलं, "दातन आहे साहेब. दातन."

"इतनी दातून? दुकान खोलोगे?"

"भोपाळले आपले लोक आहेत. त्याईच्यासाठी."

टीसी हसून पुढं गेला. टोपीवाला माह्याकडं पाहत राह्यला. देवकाबाई मात्र खूश झाली. "पाहा श्रीधर," म्हने, "एवढ्या दूर आपल्या लोकाईसाठी दातन घेऊन चालला बिचारा. नाहीतर तुमचे हापिसातले!"

मी मान खाली घातली. खोटं बोलल्याचं एवढं वाईट नाही वाटलं. गठोडं वाचलं, झालं.

सकाळी इटारसी आलं. भोपाळची गाडी तिथून बदलायची. सगळे बाबू लोक सामानासकट पलाटावर उतरले. मले भोपाळची गाडी कोन्या पलाटावर येते ते इचारायचं होतं, अन् खरं सांगतो, चहा प्यायचा होता. बैतूलच्या घाटात थंडीनं हातपाय लाकूड झाले होते. गठोडं देवकाबाईच्या ट्रंकेजवळ ठेवलं.

"माय, जरा ध्यान ठेवजा. मी आलोच."

"जा रे बाबा, निवांत जा."

निवांत गेलो. तेच चुकलं. इटारसीचा चहा मातीच्या कुल्हडात, वरून सायीचा पापुद्रा, अद्रक असं का घशात उतरता उतरता मानूस गरम होते. एक पेलो. दुसरा घेतला. समोर इंजिन पानी भरून राह्यलं होतं, पोहेवाला कढई घासून राह्यला होता. मले वाटलं, परगावचं काम काही वाईट नाही. रोज असा चहा भेटत असन तर भोपाळच काय, दिल्लीले जाऊ. अन् त्या दुसऱ्या चहाच्या मधातच मले वास आला.

संत्र्याच्या झाडाचा वास. फळाचा नाही, सालीचा बी नाही. हिरवी काडी चावली का येते तो.

कुल्हड तिथंच टाकलं अन् पळालो.

नळावर पन्नासेक लोक. बाबू, त्याईच्या बायका, पोरं, एक हवालदार, पुजाऱ्यावानी दिसनारा एक मानूस. सगळ्याईच्या तोंडात एकेक काडी. सगळे चावून राह्यले, घासून राह्यले, थुकून राह्यले. एक बाबू दुसऱ्याले म्हने, "वास काय सुंदर आहे हो, नागपूरची आठवण झाली."

देवकाबाई मधात उभी, हातात माहं रिकामं पोतं. मले पाहून हात वर केला.

"अरे ये! यांची दंतमंजनं सगळी ट्रंकांच्या तळाशी, अन् ट्रंका दोरानं बांधलेल्या. म्हटलं तू आपल्या लोकांसाठीच आणली आहेस, तर हे आपलेच आहेत. चार ठेवल्या आहेत तुझ्यासाठी."

चार. साठातल्या चार.

मी पाहत होतो अन् माह्या ध्यानात आलं का आता पुढं काय होते. दातन झालं का मानूस काय करते? काडी मधातून चिरते, दोन फाका करते, अन् त्यानं जीभ खरवडते. चावलेली काडी चालते. एका टोकाचे दोन डोळे गेले तर वरचे पाच शाबूत. पन चिरली का खेळ खतम, सगळे डोळे गेले. अन् नळाच्या कडेच्या एका म्हाताऱ्या बाबूनं काडी दोन्ही हातात धरलेली, आंगठे मधात लावलेले.

"चिरू नोका!" मी बोंबललो. "चिरू नोका! तोंडातून काढा! दातन नाही ते!"

झालं. हे बोललो अन् दुसरी आफत ओढवून घेतली. "दातन नाही" ऐकल्याबरोबर एक बाई ओरडली, "अगोबाई, मग कशाची आहे?" कोनीतरी म्हनलं, "विषारी झाड असेल!" अन् पन्नास लोक खळखळा चुळा भरायले लागले. ज्याले जसं सुचलं तसं काडी फेकली. काही नालीत, काही रुळावर. हवालदार घशात बोट घालून ओकारी काढून राह्यला होता. श्रीधररावानं येऊन माही गचांडी धरली.

"काय घातलंस लोकांच्या तोंडात? बोल!"

"संत्र्याची आहे हो! कलमाची काडी आहे! डोळे आहेत तिच्यावर!"

"मग दातन म्हणून का सांगितलंस?"

"भ्यालो होतो!"

त्यानं गचांडी सोडली. मी खाली रुळावर उडी मारली. एक काडी, दोन, तिथं खडीत तिसरी. वरून कुली बोंबलून राह्यला होता का मालगाडी येऊन राह्यली, हट. डोळ्यात पानी आलं होतं, काडी कोनती अन् काटकी कोनती ते दिसेना. मले दिसत होता तो भोपाळचा कागद, ज्यात सहारनपूरचा मानूस लिवलेला होता.

तवा देवकाबाईचा आवाज आला.

"कोणी हलायचं नाही! ज्याच्या हातात आहे त्यानं इकडे आणून द्या. फेकली असेल त्यानं उचलून आणा. चिरायची नाही! जोशी, तुमच्या खिशात काय आहे? काढा."

"अहो देवकाबाई, उष्ट्या आहेत त्या," जोशी बाबू म्हने. "हा माणूस हातात घेईल, काय समजेल?"

"झाडाला काय समजतंय उष्टं अन् सोवळं? अन् हा गरीब तुमचं उष्टं उचलतोय तर लाज तुम्हाला वाटायला पाहिजे. आणा इकडे."

लोक आनून द्यायले लागले. कोनी दोन बोटाच्या चिमटीत धरून, कोनी रुमालात. पुजाऱ्यावानी मानूस आपली काडी धुऊन घेऊन आला. हवालदारानं नालीतून दोन काढून देल्ल्या, अन् म्हने, "भाई, मरेंगे तो नहीं?" मी म्हनलं, "नाही साहेब, दात मजबूत होतीन." पह्यल्यांदा कोनी हसलं.

मोजून पाह्यलं. माह्या चार धरून बेचाळीस. नऊ चिरल्या होत्या, त्यातली एक खुद्द देवकाबाईची. बाकीच्या मालगाडीखाली गेल्या.

नळावरच बसलो. चावलेली टोकं चाकूनं छाटली. काही काड्या तंबाखू खानाऱ्याच्या तोंडातल्या होत्या, पिवळ्या पडल्या होत्या, त्या तीन-तीनदा धुतल्या. केळीचं पान फाटून गेलं होतं. अनुराधाबाई आली, आपल्या जुन्या लुगड्याचा हिरव्या काठाचा मोठा तुकडा टरकन् फाडला, नळाखाली धरला अन् माह्या पुढं ठेवला.

भोपाळपर्यंत गठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही. हुशंगाबादले नर्मदामाय आली, सगळ्याईनं पैसे टाकले, हात जोडले. माह्यानं हात सुटे होईनात, मी मान लववली.

भोपाळ टेसनावर साहेबाचा मानूस येनार होता. आला नाही. हापिस कुठी आहे ते कोनाले ठाऊक नव्हतं. जिथं सांगे तिथं दुसराच फलक, रंग अजून ओला. एका हापिसात तर बाबूच मले इचारे, "भाई, यहाँ कौन सा दफ्तर लगता है?" बोली समजे, पन मी बोललो का समोरचा हसे. दिसंल त्या नळावर गठोडं भिजवत होतो. ऊन चढत होतं. चवथ्या हापिसात श्रीधरराव भेटला, तो बी आपलं टेबल शोधून राह्यला होता. त्यानं चार ठिकानी इचारून मले बागेचा रस्ता दाखवला, अन् सोता लेट झाला.

बागेचा साहेब जबलपुराकडचा, बारीक अंगाचा, चष्मेवाला. त्यानं गठोडं सोडलं, काड्या पाह्यल्या.

"तीन सौ खूँटे हैं. इतने में होगा?"

"काही सुकल्या साहेब, रस्त्यानं."

त्यानं नुसतं वहीत लिवलं. लिवनाऱ्या मानसाचं मले तवापासून भय वाटते. बोलनाऱ्याले उलट बोलता येते.

दोन दिवस वाकून डोळे बांधले. दोनशेच्या वर दहा-बारा झाले, बाकीचे खुंट तसेच उभे. चांगल्या काड्यांचे डोळे पुढच्या वाफ्यात बांधले. ज्या रुळावरून उचललेल्या, ज्या तंबाखूवाल्या, त्याईचे डोळे मागं विहिरीआड, दोन वाफ्यात. तिकडं कोनी जात नसे. तिथं सोपट संपलं, म्हनून अनुराधाबाईच्या लुगड्याच्या चिंध्या करून बांधलं.

मंग एकवीस दिवस. बांधनं सोपं असते हो, थांबनं कठीन. माळ्याच्या छपरीत झोपायचो. सकाळी उठून खुंटापुढं उकिडवा बसायचो. हात खाजवे, सोडून पाहावं वाटे, पन सोडलं का मरते. आठव्या दिवशी वारं सुटलं, थंडी पडली. मले वाटलं गेलं. बाराव्या दिवशी ऊन पडलं. मले वाटलं आता तर गेलंच. देवकाबाई दोनदा येऊन गेली, जोंधळ्याची भाकर अन् ठेचा घेऊन. तिले बी भोपाळात करमत नव्हतं. गव्हाची पोळी खाऊन पोट फुगते म्हने. आमी दोघं विहिरीच्या काठावर बसून खाल्लं. तो ठेचा मले आजबी आठवते, डोळ्यातून पानी काढनारा.

"लागतील ना रे?" ती म्हने.

"माहीत नाही, माय."

"माझ्यामुळे झालं."

"तुमच्यामुळं नाही. म्या खोटं सांगतलं. खरं सांगतलं असतं तर तुमी गठोड्यावर नागावानी बसल्या असत्या."

"नागावानी काय रे मेल्या," म्हने, अन् अजून अर्धी भाकर वाढली.

एकविसाव्या दिवशी साहेब आला. वही काखेत. मी पुढच्या वाफ्याकडं चाललो तर तो म्हने, "उधर से शुरू करते हैं," अन् सरळ विहिरीमागं गेला. ते वाफे त्यानं कवा पाह्यले होते कोनास ठाऊक. हिरव्या काठाच्या चिंध्या वाऱ्यानं हालत होत्या.

"यह क्या बाँधा है?"

"लुगडं आहे साहेब. सोपट संपलं."

"खोलो."

पह्यली चिंधी सोडली. काळा. साहेबानं वहीत रेघ मारली. दुसरी सोडली. काळा. रेघ. तिसरी गाठ सुटेना, दातानं सोडली. नखानं जरासं खरवडलं.

हिरवा.

चवथा हिरवा. पाचवा काळा. मंग सलग सात हिरवे. साहेब खाली बसला, चष्मा कपाळावर केला, अन् सोता बोटानं चाचपून पाहायले लागला. विहिरीमागं निम्मे लागले होते. पुढच्या वाफ्यातले पह्यले पन्नास सोडले, त्यात चाळीस.

"रास्ते में सूख गई थी कहते थे," साहेब म्हने. "सच बताओ. क्या हुआ था?"

आता पुन्हा खोटं बोलायचं बळ माह्यात नव्हतं. सगळं सांगतलं. टीसी, दातन, नळ, हवालदार, जोशी बाबू, रूळ. मोडक्या हिंदीत सांगतलं, जिथं हिंदी सरली तिथं मराठीत. मी म्हनलं, गेलं काम. सरकारी काड्या लोकाईच्या तोंडात घातल्या, आता वहीत लिवन अन् नत्थूजीले कागद जाईन.

साहेबानं चष्मा पुन्हा नाकावर घेतला अन् एका हिरव्या डोळ्याजवळ वाकला. तिथं कुठं दाताचा ठसा दिसते का ते पाहत असन. मंग उठला, धूळ झटकली, म्हने, "अगली बार टीन के डिब्बे में लाना. ताला लगाकर."

अगली बार. टीनचा डबा, ताला, बाकीचं त्यानं काय सांगतलं ते मी ऐकलंच नाही. सौ खुंट अजून रिकामे आहेत म्हने, माघात पुन्हा यायचं म्हने, ते सगळं मंग श्रीधररावानं कागद वाचून समजावून सांगतलं. तवा मी नुसता "जी साहेब, जी साहेब" करत राह्यलो अन् पुढच्या खुंटाची गाठ सोडायले बसलो. अजून शंभरेक गाठी बाकी होत्या, अन् ऊन वर चढून राह्यलं होतं.